‘अचंबा’वाले मामा

आमच्या सासऱ्यांना राग आला की नंदुरबारातल्या लग्नपत्रिकांमधली उद्गारचिन्हं नाहीशी होत.

त्यांचा छोटासा छापखाना होता. पायाने चालवायचं एक यंत्र, अक्षरं जुळवणारा एक जुळारी आणि लाकडी खणांत भरलेले शिशाचे खिळे. त्यात उद्गारचिन्हांचे खिळे मोजकेच. सासरे आपल्या मासिकाचं संपादकीय कागदावर कधी लिहीत नसत. जुळाऱ्याला बाजूला सारून, उभ्या उभ्या, तोंडाने बडबडत थेट खिळेच जुळवीत. राग मोठा असला की पहिल्याच परिच्छेदात उद्गारचिन्हांचा खण रिकामा होई. मग त्या आठवड्यात ज्यांच्या घरी कार्य असेल, त्यांच्या पत्रिकेवर ‘अगत्य येण्याचे करावे’ यापुढे नुसता पूर्णविराम. लोक पत्रिका हातात घेत, पूर्णविराम पाहत आणि म्हणत, "मामा तपेल शेतस." मामा तापलेत.

सगळं गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो; बायको मात्र आबा म्हणे. मी मूळचा नाशिककडचा. पन्नासच्या दशकात इथल्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून आलो आणि पुढच्याच उन्हाळ्यात मामांचा जावई झालो. जावयाला सासुरवाडीत मान असतो, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मामांनी तो मान मला पुरेपूर दिला. शिव्यासुद्धा ते मला आदरार्थी देत. "जवाईबापू, तुमले अक्कल शे का?" हा प्रश्न मी त्या घरात इतक्या वेळा ऐकला, की पुढे पुढे ‘बापू’ एवढं ऐकू आलं तरी मी "नाही" म्हणून टाकत असे.

मासिकाचं नाव ‘अचंबा’. मासिक म्हणायचं, निघायचं मात्र लग्नसराईतून मामांना सवड मिळेल तेव्हा. तापीकाठापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत, इकडे नवापूरपासून तिकडे धडगावपर्यंत, या मुलखातल्या आख्यायिका आणि विचित्र गोष्टी त्यात छापून येत. विसरवाडीजवळची आवाज देणारी शिळा, दोन तोंडांचं वासरू, एका विहिरीत दुपारी ऐकू येणारी ढोलाची थाप. तापीकाठचे बागाईतदार ते कापसाच्या गाड्यांवर बसून वाचत, नवापूरचे व्यापारी सुरतेच्या गाडीत वाचत, आणि डोंगरातल्या कचेऱ्यांतले कारकून करमत नाही म्हणून वाचत.

असलं मासिक काढणारा माणूस भोळा असेल, दिसेल त्यावर विश्वास ठेवणारा असेल, असं कोणालाही वाटेल. मामा उलटे होते. ‘म्हणे’ या शब्दाचा त्यांना इतका संताप होता, की कोणी छापखान्यात येऊन "आमच्या शेजारच्या गावात म्हणे एक झाड..." असं सुरू केलं, तर झाडापर्यंत पोचायच्या आत तो रस्त्यावर असे. "कोनी दखं? नाव सांगा. गाव सांगा. बाप काय करे ते सांगा." पाहिलं कोणी, हे सांगता येत नसेल तर गोष्ट नाही. पाहणाऱ्याचं नाव, गाव, आडनाव गोष्टीखाली छापल्याशिवाय त्यांनी ‘अचंबा’त एक भूतसुद्धा येऊ दिलं नाही.

एकदा तापीकाठच्या एका गावाहून निरोप आला, की केळीच्या बुंध्याच्या मधूनच घड बाहेर आलाय. मामा निघाले, मला ओढून घेऊन. शाळेला रविवारची सुट्टी होती, ही माझी चूक. मोटार, मग बैलगाडी, मग भर उन्हात चालत आम्ही त्या मळ्यात पोचलो. मळेवाल्याने आम्हाला ताक दिलं, गूळ दिला, बसायला घोंगडी दिली, आणि फार अगत्याने सांगितलं, "मामा, गोड निंघना. खाई टाका आम्ही." घड पिकला, गोड निघाला, घरच्यांनी खाल्ला. त्याचं काही चुकलं असं त्याला वाटतच नव्हतं. मामा त्याला जे बोलले ते मला इथे लिहिता येणार नाही. मी मराठीचा मास्तर आहे आणि त्यातले बरेच शब्द मला तोवर माहीत नव्हते. तरी बोलून झाल्यावर मामांनी बुंध्यावरची खूण बोटाने चाचपून पाहिली, मळेवाल्याच्या म्हाताऱ्या आईला वेगळं विचारलं, सुनेला वेगळं विचारलं, आणि परत येऊन ती गोष्ट छापली. शीर्षक दिलं: ‘खाऊन टाकलेले नवल’.

मलाही लिहायची हौस होती. मास्तराला असतेच. मी आवाज देणाऱ्या शिळेवर एक लेख लिहून नेला. त्यात सूर्य पश्चिमेला कलला होता, गुरं घरी परतत होती, मंद वारा सुटला होता. मामांनी उभ्यानेच वाचला, आणि पहिली दोन पानं फाडून उरलेलं जुळाऱ्याच्या हातात दिलं.

"जवाईबापू, संध्याकाय रोज व्हस. ती काबरं छापानी?"

रोज होते ती संध्याकाळ छापायची कशाला? मी दुखावलो, पण मनात कबूल केलं की म्हाताऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. कोणी रोजच्या गोष्टीसाठी मासिक घेत नाही. त्यानंतर मी जे काही लिहिलं त्यात सूर्य कुठल्याच दिशेला कलला नाही.

मामांची आणखी एक रीत होती, आणि तिच्यापायी ‘अचंबा’चे अंक रखडत. गोष्ट जुळवून झाली, कच्चा कागद निघाला, की ते तो घेऊन सांगणाऱ्याकडे परत जात आणि त्याच्यापुढे बसून वाचून दाखवत. छापलेलं असायचं प्रमाण मराठीत. ते वाचता वाचता अहिराणीत फिरवत. "असंच सांगं ना तू?" सांगणारा "हा" म्हणेपर्यंत यंत्र चालू व्हायचं नाही. काही जण ऐकून नवीनच काहीतरी सांगायला लागत, मग मामा तापत, आणि तरीही सगळं पुन्हा जुळवत. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "ह्यासना अंक म्हनजे पहिलटकरीन शे. दिवस भरी जातस, तरी काही सुटका नही."

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं हल्ली माझ्याकडे आलंय. लग्नाकार्यात पोरंसोरं मला घेरतात, आणि मी मामांच्या रागाचे किस्से सांगून स्वस्तातला हशा मिळवतो. वरचे सगळे त्यातलेच. पुढचा मात्र मी सांगत नाही. त्यात हसू पिकत नाही, माझंच डोकं फिरतं, आणि मग बायको खुणेने पोरांना जेवायला बोलावते. इथे ती खूण करायला नाही, म्हणून लिहून टाकतो.

साठ सालानंतरची गोष्ट. धडगावच्या वाटेवर, घाट चढायच्या आधी डाव्या हाताला जंगलात शिरलं की डाबरीपाडा लागे. भिल्लांची वस्ती. तिथला दामज्या नावाचा म्हातारा बाजाराला नंदुरबारला उतरला असताना छापखान्याच्या ओट्यावर पाणी प्यायला बसला. घरी तो भिलोरी बोले, आमच्याशी बाजारातली अहिराणी. पाणी पिऊन तो मामांना म्हणाला, "तू आचंब्या छापस ना? आमनं गाव चालस. ते छाप."

मामांनी नेहमीसारखं विचारलं, "कोनी दखं?"

"मी दखं. मी चालनू त्यानासंगे."

पुढच्याच आठवड्यात आम्ही पाड्यावर होतो. मोहाच्या झाडाखाली बसून दामज्याने गोष्ट सांगितली. त्यांचा वाघदेव एका कुशीवर फार दिवस निजत नाही. त्याने कूस बदलली की पाड्याला कळतं: कोणी तरुण माणूस अचानक जातं, नाहीतर गुरं दुखण्यात पडतात. मग पाडा उठतो. सागाचे खांब उपटतात, कुडाच्या भिंती सोडतात, छपराची कौलं उतरवतात, आणि सगळी घरं माणसांच्या खांद्यांवरून चालू लागतात. पुढे ढोल, मागे घरं. नाल्यापलीकडे, टेकडीच्या कुशीला, देवाचा जिथे डोळा लागेल तिथे पुन्हा उभी राहतात. दामज्याच्या आज्याच्या वेळी पाडा चालला, बापाच्या वेळी चालला, त्याच्या स्वतःच्या लग्नानंतर चालला. सांगताना त्याने खांद्यावर खांब घेतल्यासारखी मान वाकडी केली होती, ती गोष्ट संपेपर्यंत सरळ केली नाही.

मामा त्या दिवशी कोणावरही रागावले नाहीत. मला जरा काळजीच वाटली.

उठताना दामज्या म्हणाला, चला, आता वावरं दाखवतो. शिवेच्या दगडापर्यंत जाऊन येऊ, ज्वारी यंदा चांगली आहे. मामांचं लक्ष मोटारीच्या वेळेकडे. "वावर काय दखानं भो? वावरं समदीकडे ऱ्हातस," असं म्हणून ते निघालेसुद्धा. मला नव्या वहाणा चावत होत्या, शेतं न पाहता परतायचं ठरलं याचा मला मनापासून आनंद झाला.

‘चालणारे गाव’ छापून आलं. त्याआधी मामांनी पाड्यावर जाऊन ते वाचून दाखवलंच. दामज्या डोळे मिटून ऐकत होता, मधेच हसला, शेवटी म्हणाला, "हा. असंच शे." अंक हातोहात गेला. पुन्हा छापावा लागला. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या साप्ताहिकाने त्यातला मजकूर उचलून कौतुक केलं. मामांनी त्यांना रागावून लिहिलं, की कौतुक ठेवा, दामज्याचं नाव का गाळलं ते सांगा. उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

त्यानंतर तीन-चार वर्षं गेली असतील. डाबरीपाड्याच्या नाल्यावर तलाव व्हायचा ठरला. खालच्या गावांच्या उसाला, केळीला पाणी हवं होतं. तलाव नको असं कोणीच म्हणत नव्हतं, दामज्यासुद्धा. बुडणार होती ती पाड्याची वावरं. नियम असा सांगितला गेला, की ज्यांची वहिवाट एका जागी आहे त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि जी वस्ती फिरती आहे तिला नाही. जंगलातल्या त्या वावरांचा कागद कोणाकडे होता? पाड्यातल्या माणसांना वाटलं, कागद नसला तर नसला, आपण तर इथेच आहोत. विचारतील, सांगू.

एक दिवस भर दुपारी दामज्या छापखान्यात आला. बरोबर त्याची बायको. दोघं डोंगरातून चालत आली होती. ओट्यावर न बसता दामज्या सरळ आत, यंत्रापाशी आला.

"साहेबनी तुन्हं पुस्तक काढं," तो म्हणाला. "वाची दखाडं. माले इचारं, हाई तूच सांगं ना? मी सांगं, हा, मीच. खोटं कसाले बोलू?"

तलावात जाणाऱ्या जमिनींच्या चौकशीला आलेल्या सरकारी साहेबाने ‘अचंबा’चा तो अंक काढला होता. त्यात खाली नाव होतं, गाव होतं, सांगणारा समोर उभा होता. गाव एका जागी राहत नाही, उठतं आणि चालतं, हे त्याच्याच तोंडचं छापलेलं. वस्ती फिरती. जमीन नाही. झालं काम.

मामा खिळे जुळवत होते, तो हात तसाच राहिला. मग त्यांचा आवाज चढला. मला वाटलं साहेबावर, पण ते दामज्यावर ओरडत होते.

"आरे, घरं चालतस, वावर चालस का? वावर तर तठेच शे ना? आज्यापासून तठेच शे! माले काबरं नही सांगं?"

दामज्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला मामांच्या रागाची भीती कधीच वाटली नव्हती. डोंगरातली माणसं सगळ्यांना अरेतुरे करतात आणि कोणाच्या आवाजाने दबत नाहीत. तो साध्या आवाजात म्हणाला,

"तू इचारं नही. तू नवल मांगे, मी नवल सांगं. वावर तठेच शे, त्यामा काय नवल?"

त्याची बायको मधेच म्हणाली, "ह्यानी तुले वावर दखाडाले बलावं व्हतं. तूच पयी गया."

वावर दाखवायला बोलावलं होतं, तूच पळालास. मामांनी हातातले खिळे खणात परत टाकले, प्रत्येक ज्याच्या त्याच्या जागी, आणि टोपी घातली.

पुढचा अंक त्यांनी डाबरीपाड्यावर राहून केला. दिवाळीची सुट्टी होती, मीही गेलो. ढेकळांतून चालून माझे पाय सुजले आणि पाड्यातल्या पोरी माझ्या चालण्याची नक्कल करून आयांना हसवू लागल्या. मामांना हसायला वेळ नव्हता. ते प्रत्येक वावरात उभे राहत आणि असले प्रश्न विचारत: हा आंबा कोणी लावला? बांधाचे दगड कोणी वेचले? पाणी कुठून येतं? पेरणीच्या आधी नारळ कुठे फोडता? तुझ्या मेलेल्या बापाच्या आठवणीचा दगड कुठे उभा केलाय? लोक एकमेकांकडे पाहत. दामज्याच्या बायकोने तोंडावर पदर घेऊन विचारलं, "हाई बी छापशी? तुन्हा छापखाना रिकामा शे का रे?"

"हा," मामा म्हणाले. "आते हाईच छापस."

आता हेच छापतो. आणि त्यांनी छापलं. आम्ही शिवेचा प्रत्येक दगड पाहिला. घरं कुठून कुठे चालली तेही दामज्याने पायाने दाखवलं: नाल्याच्या अलीकडून पलीकडे, पलीकडून टेकडीखाली, तिथून पुन्हा अलीकडे. सगळं त्याच शिवेच्या आत. घरांनी जागा बदलल्या होत्या, माणसं सकाळी उठून त्याच वावरात जात होती. एखाद्याने घरातल्या घरात खाट हलवावी, तसं. मामा ते पाहून शिवेच्या दगडावर बसले आणि कपाळाला हात लावून कितीतरी वेळ स्वतःलाच त्या शिव्या देत राहिले, ज्या त्यांनी केळीवाल्याला दिल्या होत्या.

तो अंक माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावर ‘अचंबा’, आणि त्याखाली मामांनी स्वतः जुळवलेली ओळ: ‘या अंकात नवल काही नाही.’ आत खरंच नाही. ‘गुलाब्याचे वावर नाल्याच्या उगवतीला आहे. त्याच्या बापाने दगड वेचून ते केले. दगडांचा बांध कमरेएवढा आहे. वावरात ज्वारी आणि तूर असते. बांधावर सीताफळे आहेत, ती पोरे खातात.’ अशीच सगळी पानं. पाड्यावर ती वाचून दाखवली तेव्हा लोक हसले नाहीत. प्रत्येक जण आपलं वावर येईपर्यंत थांबे, आलं की मान हलवी, आणि शेजाऱ्याचं संपेपर्यंत उठत नसे.

वर्गणीदार भडकले. नवापूरच्या एकाने लिहिलं, सीताफळे आमच्याकडेही आहेत, त्यासाठी मासिक कशाला घ्यावे? मामांनी त्यांना उत्तर लिहिलं नाही.

तो अंक घेऊन आम्ही साहेबापुढे गेलो. दामज्या, पाड्यातली चार माणसं, मामा आणि मी. साहेब तरुण होता, गोड बोलणारा. त्याने मामांना खुर्ची दिली. "अहो, आमच्या घरी ‘अचंबा’ सगळे वाचतात. मिसेस तर अंकाची वाटच पाहते," असं म्हणाला. नवा अंक चाळला. मग खणातून दोन-चार जुने अंक काढून तेही चाळले. दोन तोंडांचं वासरू. ढोलाची विहीर. खाऊन टाकलेलं केळ. साहेब हसला, कुत्सितपणे नाही, खरोखर मजा वाटून.

"मामा, हे तर करमणुकीचं मासिक. हा काही पुरावा नाही होऊ शकत."

मामा उठून उभे राहिले.

"मांगल्या खेपले तो पुरावा व्हता ना, साहेब? मंग आज भाकडकथा कशी व्हई गयी?"

"ती त्या माणसाची स्वतःची कबुली होती," साहेब म्हणाला. "आणि हे तुम्ही त्याच्या बाजूने लिहिलेलं आहे. फरक आहे."

"दोन्ही त्यानीच सांगं! दोन्ही मीच छापं! वासरू खरं नही तर गाव कसं चालनं?"

साहेबाने अंक मिटला. मला वाटलं आता आपण, एवढा शिकलेला माणूस, काही बोललं पाहिजे. मी बोललोही. "महाशय, वास्तविक पाहता वस्तीचे स्थलांतर आणि क्षेत्राची वहिवाट या भिन्न बाबी आहेत," असं काहीतरी. इतक्या शुद्ध मराठीत, की मामा सोडले तर त्या खोलीत ते समजणारा माणूस एकटा साहेबच होता, आणि त्याला समजून घ्यायचं नव्हतं. दामज्याने बाजूच्याला हळूच विचारलं, "हाऊ काय बोलना?" मामा तोवर टेबलावर हात आपटून साहेबाच्या सगळ्या खानदानाची विचारपूस करत होते. शिपायाने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. तो शिपाईही ‘अचंबा’ वाचणारा. पायऱ्या उतरताना त्याने विचारलं, पुढच्या अंकात काय आहे?

पुढचा अंक निघाला नाही.

पाडा उन्हाळ्यात उठला. आम्ही दोघं गेलो होतो. खांब उपटले, कूड सोडले, कौलं उतरवली. हात नेहमीचे, काम नेहमीचं. ढोल मात्र कोणी काढला नाही. काही जण नात्यातल्या पाड्यांवर जाणार होते, काही मजुरीला खाली गुजरातकडे. मामांनी एका खांबाचं टोक उचलायला घेतलं, ते त्यांच्याने हललं नाही. दामज्याची बायको आली, तिने त्यांना कोपराने बाजूला केलं आणि खांब खांद्यावर घेऊन निघून गेली.

शिवेच्या दगडापाशी दामज्या थांबला. तिथून पुढे ते कधी गेले नव्हते, घरं घेऊन. तो मामांना म्हणाला, "आते छाप. आते खरंच चालनं गाव."

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की ही छापायची गोष्ट आहे. मामांच्या मासिकाला लागते तशी. त्याने पाहिलेली, त्याच्या नावागावाची.

"नही छापत," मामा म्हणाले. "मी नही छापत रे, दामज्या."

दामज्या माणसांमागे चालू लागला.

मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले. लग्नपत्रिका छापत. राग येईनासा झाला. घरातल्यांनी तो परत आणायचे उपाय केले. मी तर जेवताना मुद्दाम ताटाशी बसून वाटेल ती लोणकढी सांगत असे, उडणारी म्हैस, बोलणारा कडबा. मामा भात कालवत म्हणत, "असेल, बापू." माणसाची जमीन गेली तर ती कुठे होती हे निदान बोटाने दाखवता येतं. हे जे गेलं ते आम्ही कोणाला दाखवणार होतो? असाच एक दिवस ते गेले. कुरकुर न करता.

गेल्या वर्षी एक विद्वान गृहस्थ घरी आले. लोककथांचा मोठा संग्रह करत होते, चांगला अभ्यासू माणूस. त्यांना ‘चालणारे गाव’ हवं होतं. मी त्यांच्यापुढे दोन्ही अंक ठेवले. पहिला त्यांनी टिपून घेतला. दुसरा उलटसुलट करून परत दिला.

"यात काही नाही हो. नुसती शेतंच आहेत. पण ही कल्पना काय सुंदर आहे पहा, गाव उठून चालू लागतं! आदिम मनाची झेप."

"गाव चालत नव्हतं," मी म्हणालो.

"हो, म्हणजे प्रतीकात्मक..."

"चालत नव्हतं! घरं हलत होती. गाव तिथेच होतं. गाव चालवलं! हाकलून दिलं! ह्या कागदाने! हा, तुम्ही टिपून घेतलाय तो!"

मी उभा राहिलो होतो. टेबलावर हात आपटला असावा, कारण त्यांचा चष्मा खाली पडला. मी आणखीही पुष्कळ बोललो, आणि शुद्ध मराठीत बोललो नाही. दोन्ही गोष्टी छापायच्या असतील तर छापा, पहिली एकटी छापायची नाही, दामज्याचं नाव गाळायचं नाही, हे मी त्यांना फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर ऐकवलं. शेजारी गॅलरीत आले होते. गृहस्थ सुरतेच्या गाडीला निघून गेले.

मी आत आलो. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतक्या वर्षांत मी तिच्यावरसुद्धा आवाज चढवलेला नाही. माझी तशी छातीच नव्हती. पाहुण्यांसाठी केलेला चहा तसाच होता, तो तिने माझ्यापुढे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली. "आबांनासुद्धा ओरडून झालं की चहा लागायचा."

मी कप उचलला, निम्मा बशीत सांडला. उरलेला मी प्यालो. राग गेला नाही.